चालताना आणि थांबताना

मोटारसायकल चालवायला लागून मला तीस वर्षं झाली, पण मागच्या सीटवर सलग तासभर बसण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली ती अमेरिकेतल्या ब्लू रिज पार्कवेवर. माझा मामेभाऊ, आमचा दादा, नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला राहतो. त्याच्याकडे होंडाची गोल्ड विंग आहे. झाडांची पानं रंगली की तो आणि वहिनी दरवर्षी चार दिवस त्या डोंगरात जातात. गेल्या खेपेला मीही एक लहान गाडी भाड्यानं घेऊन त्यांच्या मागोमाग होतो. एका सकाळी वहिनींना विश्रांती हवी होती. दादा म्हणाला, "आज तू माझ्यामागे बस. चालवायला दुपारी देतो. आधी मागे बसून बघ."

पाठीला टेकायला खुर्चीसारखी पाठ होती. कोपर ठेवायला दोन्ही बाजूंना हात होते. पाय गुडघ्यात न दुमडता सैल राहत होते. पहिली दहा मिनिटं मी सवयीनं काहीतरी घट्ट धरून बसायला बघत होतो, आणि मग लक्षात आलं की धरायची गरजच नाही. वळणावर गाडी कलली की आपण तिच्याबरोबर कलतो, सरळ झाली की सरळ होतो. डाव्या हाताला दरीत धुकं साचलं होतं, वर ओक आणि मेपल लाल-पिवळे झाले होते. मला पकडून बसावं लागत नव्हतं, म्हणून मला बघता येत होतं.

त्याच वेळी पुण्यातल्या घराची आठवण झाली. माझी बायको बावीस वर्षं माझ्यामागे डबलसीट बसते आहे. कुंभार्ली घाट तिनं पाहिला तो माझ्या खांद्यावरून, आणि तोही निम्मा, कारण उरलेला वेळ तिचं लक्ष पुढच्या खड्ड्याकडे. आमच्या ३५० सीसीच्या गाडीची मागची सीट पुढे उतरती आहे. ब्रेक दाबला की ती माझ्यावर येते, पिकअप घेतला की मागच्या दांडीला धरते. "पाय अवघडलेत, जरा थांबूया का?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचा अर्थ लावणंच सोडून दिलं होतं. पार्कवेवर मागे बसलो तेव्हा तो अर्थ लागला. मोटारसायकलच्या प्रवासाबद्दल आपण जे काही लिहितो-बोलतो, ते सगळं पुढे बसणाऱ्याचं असतं. मागे बसणाऱ्याच्या प्रवासाची वेगळी हकिगत आपल्याकडे जवळपास नाहीच.

म्हणून आलिशान टूरिंग मोटारसायकलीचे गुणदोष तोलायला बसलो, तर सुरुवात मागच्या सीटपासूनच करावी असं मला वाटतं. या गाड्यांवर नेहमीचा आक्षेप असा की ही दोन चाकांची मोटारच. एवढं सगळं हवं तर कार का घेत नाही? रेडिओ, तापणारी सीट, बटणावर वरखाली होणारी काच, पुढे एअरबॅगसुद्धा. मोटारसायकल म्हणजे ऊन-वारा अंगावर घेणं, थोडा त्रास सोसणं, आणि तो त्रासच काढून टाकला तर उरतं काय, असं खूप जण मनापासून मानतात. मीही मानत होतो. पण त्रास सोसण्याचा निर्णय हँडल हातात असलेला माणूस घेतो आणि त्याची भरपाईही त्यालाच मिळते. वळण त्याचं, गिअर त्याचा, वेग त्याचा. मागच्या माणसाच्या वाट्याला त्रास तेवढा येतो. आपल्याकडे मागे बसणाऱ्याची काळजी कायद्यानं घ्यावी लागली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ सांगतो की दुचाकीला मागच्या माणसासाठी हाताची पकड हवी, पाय ठेवायची सोय हवी, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते हेच. हा नियम मोलाचा आहे, त्यानं कित्येक पदर आणि ओढण्या चाकात जाण्यापासून वाचवल्या असतील. पण जीव वाचवणं आणि प्रवास सुखाचा करणं यात फार मोठं अंतर आहे.

गोल्ड विंगनं हे अंतर कसं कापलं ती गोष्ट मला फार आवडते, कारण ती सगळी कंपनीनं आधी ठरवलेली नव्हती. १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या प्रदर्शनात जीएल१००० पहिल्यांदा मांडली गेली, तेव्हा तिच्यावर ना काच होती ना पेट्या. ९९९ सीसीचं, पाण्यानं थंड होणारं चार सिलिंडरचं आडवं इंजिन, चेनच्या जागी शाफ्ट, आणि पेट्रोलची टाकी सीटखाली. वर जी टाकी दिसते ती नुसतं झाकण. तिच्या आत इतर सामानाबरोबर एक सुटी किक ठेवलेली असे, बॅटरीनं दगा दिला तर लावायला. वेगात सगळ्यांच्या पुढे जाणारी मोठी गाडी बनवावी असा सुरुवातीचा विचार होता. अमेरिकेतल्या लोकांनी तिचं वेगळंच काही केलं. ही गाडी गरम होत नाही, चेनला तेल मागत नाही, दिवसभर चालते, हे कळल्यावर त्यांनी तिला बाहेरून काच बसवली, पेट्या लावल्या आणि बायकोला मागे बसवून राज्यांमागून राज्यं पालथी घातली. क्रेग वेटर या माणसानं बनवलेलं विंडजॅमर नावाचं काचेचं आवरण तेव्हा हजारो गाड्यांवर चढलं. होंडानं ते पाहिलं आणि १९८० मध्ये काच नि पेट्या कारखान्यातूनच लावलेलं मॉडेल काढलं. त्याचं नाव इंटरस्टेट, म्हणजे १९५६ च्या कायद्यानं अमेरिकेनं देशभर विणायला घेतलेल्या महामार्गांचंच नाव. गाडीचं बारसं रस्त्याच्या नावानं झालं, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. १९८८ मध्ये सहा सिलिंडरचं इंजिन आलं, २००१ मध्ये ते १,८३२ सीसीचं झालं, आणि २००६ च्या मॉडेलमध्ये मोटारसायकलवरची जगातली पहिली एअरबॅग आली.

त्या इंजिनाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण सगळ्या आरामाचं मूळ तिथं आहे. आपल्या बहुतेक गाड्यांत एकच सिलिंडर असतो. एक पिस्टन वर जातो, खाली येतो, आणि प्रत्येक फेरीला गाडी हलते. ती थरथर हँडलमधून तळव्यात येते. दोनशे-अडीचशे किलोमीटर झाल्यावर करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, हे ज्यानं चालवलं आहे त्याला सांगावं लागत नाही. गोल्ड विंगमध्ये तीन पिस्टन डावीकडे, तीन उजवीकडे, आडवे. एक बाहेर जातो तेव्हा समोरचाही बाहेर जातो. एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो. वजन जमिनीलगत राहतं, म्हणून एवढं धूड वळणात आश्चर्य वाटावं इतकं हलकं होतं. २०१८ पासून पुढच्या चाकाला नेहमीचे दोन दांडे नाहीत. दुहेरी भुजांची रचना आहे, त्यामुळे खड्ड्याचा दणका हँडलपर्यंत पोचायच्या आतच बराचसा जिरतो.

याला चैन म्हणायला मी तयार नाही. थकलेला चालक हा रस्त्यावरचा मोठा धोका आहे. पाठ दुखायला लागली की लक्ष पाठीत जातं, हात बधिर झाले की ब्रेकचा अंदाज चुकतो. वारा छातीवर आदळत राहिला की चारशे किलोमीटरनंतर माणूस समोरचं बघतो पण ते त्याच्या डोक्यात शिरत नाही. त्या दुपारी दादानं हँडल माझ्या हातात दिलं, तेव्हा मी दीडशेहून अधिक किलोमीटर चालवलं आणि उतरलो तेव्हा मला प्रत्येक वळण आठवत होतं. ग्रँडफादर माउंटनच्या अंगावरून जाणारा लिन कोव्ह पूल, डोंगर फोडायचा नाही म्हणून डोंगराला वळसा घालून हवेत नेलेला. पार्कवेचा अखेरचा तुकडा, १९८७ मध्ये पुरा झालेला. त्याची वक्ररेषा मी अजून डोळे मिटून काढू शकेन. शरीराकडून तक्रार नसली की मन रस्त्यावर राहतं. आरामाच्या बाजूचा याहून मोठा युक्तिवाद माझ्याकडे नाही आणि लागतही नाही.

आता दुसरी बाजू. ती मला त्याच दिवशी संध्याकाळी दिसली.

पार्कवे सोडून मुक्कामाच्या गावाकडे उतरताना रस्त्याकडेला सफरचंदं विकणारा एक लहानसा ठेला होता. टोपल्या मांडलेल्या, एक आजी खुर्चीवर बसलेली. मी पुन्हा माझ्या भाड्याच्या गाडीवर होतो, लगेच बाजूला घेतली. दादा मात्र पुढे निघून गेला. ठेल्यासमोरची जागा खडीची होती आणि रस्त्यापासून खाली उतरती. रात्री जेवताना वहिनी म्हणाल्या, "भावोजी, दर वर्षी आम्ही ठरवतो तिथं थांबायचं. दर वर्षी हे नुसते बघतात आणि जातात." दादा काही बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "उतारावर खडीत ती एकदा कलली ना, तर मी नाही धरू शकत. साठी झाली आता माझी."

गोल्ड विंग टूर ३८० किलोंच्या वर भरते. आपल्याकडच्या साध्या स्प्लेंडरचं वजन ११२ किलो आहे. तीन स्प्लेंडर एकत्र केल्या तरी ती उरतेच. चालत असताना हे वजन जाणवत नाही, आणि हीच त्यातली मेख आहे. ते थांबताना अंगावर येतं. वेग संपतो, पाय खाली येतात आणि त्या क्षणापासून सगळा भार दोन पायांवर आणि जमिनीच्या स्वभावावर. जमीन सपाट, कोरडी, डांबरी असेल तर काहीच नाही. उतार, वाळू, ओलं गवत, खडी असेल तर गाडी एका मर्यादेपलीकडे झुकली की तिला कुणीही सावरू शकत नाही. सोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. पडल्यावर उचलायची पद्धतही शिकावी लागते: गाडीकडे पाठ करायची, खाली बसायचं, आणि पायांच्या जोरावर मागे मागे रेटत उभी करायची. उताराला पुढचं चाक करून लावली तर मागे ढकलता येत नाही, म्हणून १९८८ पासून रिव्हर्सची सोय द्यावी लागली. आताच्या गाडीत चालण्याच्या वेगानं पुढे-मागे सरकायचं बटण आहे. यातली प्रत्येक सोय हुशारीची आहे, आणि प्रत्येक सोय त्या वजनाचीच कबुली आहे.

अमेरिकेत मला बऱ्याच गोल्ड विंग तीन चाकांच्या केलेल्या दिसल्या. मागे एका चाकाच्या जागी दोन. दादानं सांगितलं की गुडघे गेले, कंबर गेली की लोक हे करून घेतात. लांबचा प्रवास वयस्कर माणसांना सुखाचा व्हावा म्हणून जी गाडी त्यांच्या इतकी आवडीची झाली, तीच त्यांना थांबताना पेलत नाही. होंडालाही वजनाचा प्रश्न कळलेला आहे. २०१८ च्या नव्या रचनेत त्यांनी चाळीसेक किलो उतरवले, पण त्याबरोबर पेट्याही लहान झाल्या, आणि जोडीनं फिरणाऱ्यांना तेच खटकलं. २०२१ मध्ये मागची पेटी पुन्हा वाढवून ६१ लिटरची केली, म्हणजे दोन हेल्मेटं मावतील अशी. त्याच वेळी आणखी एक बदल केला: मागे बसणाऱ्याची पाठ टेकायची जागा साडेसोळा अंशांवरून साडेतेवीस अंशांवर नेली. सात अंश. एवढ्यासाठी कुणीतरी तासन्‌तास मागे बसून पाहिलं असणार, याबद्दल मला त्या अभियंत्यांविषयी मनापासून आदर वाटतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही गाडी चालण्यातला आराम देते आणि त्या बदल्यात थांबण्यातला मोकळेपणा घेते. हा सौदा फायद्याचा की तोट्याचा, हे गाडीवर ठरत नाही, रस्त्याकडेला काय आहे त्यावर ठरतं. ब्लू रिज पार्कवे ४६९ मैलांचा, म्हणजे साडेसातशे किलोमीटरचा. त्यावर व्यापारी ट्रक नाहीत, वेगमर्यादा ४५ मैलांच्या वर नाही, आणि दर थोड्या अंतरावर दरीकडे तोंड करून प्रशस्त, डांबरी थांबे बांधलेले आहेत. तिथं थांबायच्या जागा आधीच तयार आहेत. सफरचंदांचा ठेला सुटतो खरा, पण दरी सुटत नाही. त्या रस्त्यावर दादा-वहिनींसाठी मी गोल्ड विंगच्याच बाजूनं उभा राहीन.

आपल्याकडे थांबायच्या जागा कुणी बांधून दिलेल्या नाहीत. आंबोलीत धबधब्यापाशी, तामिणीत एखाद्या वळणावर, कोकणात जांभ्याच्या गडग्याला लागून जिथं रस्त्याचं डांबर संपतं आणि मुरमाचा उतार सुरू होतो, तिथं आपण थांबतो. टपरी असते ती अशाच उतारावर. कैऱ्या, करवंदं, जांभळं घेऊन बसलेली बाई असते ती अशाच कडेला. आपला प्रवास या थांबण्यांनीच बनतो. त्यातलं निम्मं काढून घेतलं तर फक्त अंतर उरेल. घाटात नागमोडी वळणावर पुढचा ट्रक अडकला की चढावर, कलत्या रस्त्यावर पाय टेकून उभं राहावं लागतं. गतिरोधकाची उंची भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे दहा सेंटीमीटर असायला हवी. गावागावात ती गावकऱ्यांच्या रागाएवढी असते. त्यांचा राग रास्त आहे, कारण त्यांची मुलं त्या रस्त्यावरून शाळेत जातात. पण गोल्ड विंगच्या पोटाखाली तेरा सेंटीमीटर मोकळे आहेत, आणि दोन माणसं नि सामान चढलं की तेवढेही राहत नाहीत.

आणि ज्या रस्त्यांसाठी ती जन्मली, ते आपल्याकडे तिला बंद आहेत. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर बंदी. वांद्रे–वरळी सागरी सेतू, अटल सेतू, मुंबईचा किनारी रस्ता, सगळीकडे बंदी. इंटरस्टेटच्या नावानं वाढलेली गाडी इथं जुन्या रस्त्यानं, शिंग्रोबाच्या घाटातून जाते. बंदीमागचं कारण मला मान्य आहे: शंभर सीसीची गाडी साठनं चालली आहे आणि मागून शंभरनं कार येते आहे, हा फरक जीव घेतो. पण एकाच फटक्यात सगळ्या दुचाकी बाहेर ठेवणं हा सोपा उपाय झाला. जपानमध्ये १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना द्रुतगती मार्गावर मज्जाव आहे, त्यावरच्यांना वाट आहे. तिथंही हे एका रात्रीत झालं नाही. गोल्ड विंग ज्या देशानं घडवली, त्या देशात द्रुतगती मार्गावर मोटारसायकलवर डबलसीट जाण्याची मुभा २००५ च्या एप्रिलमध्ये मिळाली, आणि तीही विशीच्या पुढच्या, तीन वर्षं परवाना असलेल्या चालकाला. विचार करून, अटी घालून नियम बदलता येतो. मला चाळीस लाखांच्या गाडीची चिंता नाही. मला चिंता आहे ती नागपूरहून शिर्डीला ३५० सीसीच्या गाडीवर निघालेल्या जोडप्याची, ज्यांना रुंद, दुभाजक असलेला रस्ता शेजारी असताना जुन्या रस्त्यावर समोरून अंगावर येणाऱ्या ट्रकच्या तोंडी जावं लागतं.

किमतीबद्दल थोडक्यात. तिकडे नवी गोल्ड विंग टूर २८ हजार डॉलरच्या आसपास मिळते, आणि जुनी, नीट जपलेली गाडी त्याहून कितीतरी स्वस्त. दादानं तशीच घेतली. इकडे ती परदेशातून तयार होऊन येते, आयात कर लागतो, ३५० सीसीवरच्या दुचाकींना २०२५ च्या सप्टेंबरपासून ४० टक्के जीएसटी आहे, आणि शोरूमची किंमतच चाळीस लाखांना टेकते. एवढ्या पैशांत तालुक्याच्या गावी चांगलं घर होतं. ज्याच्याकडे आहेत त्यानं ते कशावर घालावेत हे मी सांगणार नाही. मात्र एवढं मोजून मग तो मालक खडीवर उतरवायची भीती वाटते म्हणून रविवारी पहाटे हॉटेलापर्यंत जाऊन परत येत असेल, तर त्या गाडीचं आणि त्याचं दोघांचंही नुकसान होतं आहे असं मला वाटतं. आणि मेढा किंवा राजापूरच्या रस्त्यावर माझी गाडी बंद पडली तर कुठलाही मेकॅनिक प्लग काढून फुंकर मारून ती चालू करतो. तिथं गोल्ड विंगची साधी कामं करायची तरी आधी आवरणं एकेक करून उतरवावी लागतील.

परत आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. मागे बसलो होतो तो तासही सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता काय, ती घ्यायची का?" मी म्हटलं, नाही. सफरचंदांच्या ठेल्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "थांबायला तर मला हवंच आहे. पण चालताना बसायलाही नीट हवं."

पुढच्या शनिवारी आम्ही नाना पेठेत सीट शिवणाऱ्याकडे गेलो. फोम बदलायचा, उतार काढून मागची सीट सपाट करायची, आणि मागच्या कॅरिअरला पाठ टेकायला गादीचा आधार लावायचा, असं ठरलं होतं. कारागीर मला म्हणाला, "साहेब, बसा गाडीवर, माप घेतो." मी खाली उतरलो, गाडी सरळ धरून उभा राहिलो आणि बायकोला मागे बसायला सांगितलं. त्यानं एक फळी तिच्या पाठीमागे धरली. तिनं टेकून पाहिलं, पुढे झाली, पुन्हा टेकली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत थांबलो.

"अजून थोडं मागे," ती म्हणाली. त्यानं फळी कलती केली आणि रेक्झिनवर खडूनं रेघ ओढली.